भरदुपारचं चंद्रग्रहण

श्यामलाबाईंनी बारामतीच्या कॉलेजात एकतीस वर्षं गणित शिकवलं. तेवढ्या वर्षांत त्यांना लायक वाटलेले विद्यार्थी मोजायला एका हाताची बोटंही जास्त झाली असती. निवृत्तीनंतर त्यांनी माणसांशी बोलणं आणखी कमी केलं. घरात त्या एकट्याच. पुढच्या खोलीत कॉम्प्युटर आणि भिंतीवर मातीच्या एका पाटीचा मोठा फोटो. पाटीवर चिमणीच्या पायांसारख्या खुणा. आल्यागेल्याने विचारलं की बाई सांगत, "बॅबिलोन. चंद्रग्रहणाची नोंद." त्यावर बहुतेकांचा पुढचा प्रश्न एकच असे, "मग कुंभ राशीला कसं जाईल?" अशा माणसाला बाई चहासुद्धा विचारत नसत.

अडीच हजार वर्षांपूर्वी बॅबिलोनचे कारकून ग्रहण झालं की ओल्या मातीवर लिहून ठेवत. अमुक राजाच्या अमुक वर्षी, अमुक महिन्यात, रात्र एवढी सरल्यावर, चंद्र एवढा झाकला गेला. राजा गादीवर कधी बसला याबद्दल पुढच्यांनी काहीही लिहिलेलं असो, ग्रहण कुणाच्या सांगण्यावरून मागेपुढे होत नाही. आजपासून गणित मागे नेत जायचं. वेळ, महिना आणि झाकलेला भाग, तिन्ही जुळतील असं ग्रहण सापडलं, की त्या एका रात्रीवरून त्या राजाची सगळी कारकीर्द पक्की बसते. बाई वीस वर्षं हेच करत होत्या. राजांचं त्यांना काही कौतुक नव्हतं. त्या मानत ते कारकुनांना. आभाळ भरलं असेल तर ते सरळ लिहीत, 'ढग होते, पाहिलं नाही.' बाई म्हणत, "इथे बारामती ते इंदापूर 'मी पाहिलं नाही' म्हणणारा एक माणूस मला दाखवा."

जानेवारीत इंदापूरच्या विजयसिंहरावांची गाडी त्यांना न्यायला आली. विजयसिंहरावांची ऊस-बागायती मोठी, दोन शाळा आणि एक कॉलेज त्यांचं, आणि आता त्यांना घराण्याचा इतिहास हवा होता. शेताच्या बांधाला एक ताम्रपट सापडला होता म्हणे. नऊशे-साडेनऊशे वर्षांपूर्वी कुण्या राजाने त्यांच्या मूळपुरुषाला गाव इनाम दिलं, त्याचा लेख.

बंगल्याच्या दिवाणखान्यात सागवानी पेटीत, लाल मखमलीवर तो पत्रा ठेवलेला होता. पेटीला दोन लाइट. बाईंना वाटलं, सोनाराचं दुकान बरं.

"बघा मॅडम," विजयसिंहराव म्हणाले. "ह्यात चंद्रग्रहणाचा उल्लेख हाय. आन् गिऱ्हाणाच्या बाबतीत तुमच्यावानी मानूस पुने जिल्ह्यात न्हाय, आसं आमचं सर म्हनत्यात."

आमचे सर म्हणजे ऋषिराज. तो कोपऱ्यातून पुढे आला आणि वाकून बाईंच्या पाया पडला. सांगवीचा हा मुलगा बारा वर्षांपूर्वी त्यांच्या हाताखाली एमएस्सीला होता. ज्यांच्यासाठी हाताची बोटं पुरली असती त्यांतला एक. आता तो विजयसिंहरावांच्या कॉलेजात तात्पुरत्या जागेवर शिकवत होता. पत्र्याचं वाचन त्यानेच केलं होतं.

"वाच," बाई म्हणाल्या.

त्याने संस्कृत वाचलं आणि अर्थ सांगितला. माघी पौर्णिमेला नीरा-भीमेच्या संगमावर राजाने स्नान केलं, 'आकाशात राहूने ग्रासलेला चंद्र स्वतःच्या डोळ्यांनी पाहून' दानाचं पाणी सोडलं. पुढे शक, वार, साक्षीदार.

"मॅडम, एक दाखला द्या फकस्त," विजयसिंहराव म्हणाले. "मार्चमधी तितंच संगमावर, नरसिंहपूरला आमच्या घराण्याच्या ग्रंथाचं प्रकाशन हाय. पेपरात फोटो तर आजच आलाय." त्यांनी वर्तमानपत्र पुढे केलं. पत्र्याचा फोटो ठसठशीत छापलेला होता, एकेक अक्षर वाचता येईल इतका. बाईंनी अंक घडी करून पर्समध्ये टाकला.

विजयसिंहरावांच्या पत्नी राजेश्वरी चहा घेऊन आल्या. पेटीकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. बाईंच्या ते लक्षात आलं, पण त्यांनी तेव्हा त्याचा फारसा विचार केला नाही.

घरी येऊन बाईंनी गणित मांडलं. अर्ध्या तासात उत्तर आलं आणि त्या खुर्चीत मागे रेलून हसल्या. हसण्यात आनंद नव्हता. त्या माघी पौर्णिमेला चंद्रग्रहण खरोखर होतं. वारही जुळत होता. फक्त ते ग्रहण इंदापूरच्या वेळेने दुपारी एकच्या सुमारास झालं होतं. चंद्र त्या वेळी पायांखाली, पृथ्वीच्या पलीकडे. राजाने ते डोळ्यांनी पाहिलं असेल तर जमिनीतून आरपार पाहिलं असणार.

जुन्या काळातला लबाड असली चूक करणार नाही, कारण त्याच्याकडे ग्रहणांची तयार यादी नव्हती. अशी यादी आजच्या कॉम्प्युटरवर मिळते. त्यातून एक पौर्णिमा उचलायची, शक घालायचा, झालं. आणि ही चूक बाईंनी आधी पाहिलेली होती. बारा वर्षांपूर्वीच्या एका उत्तरपत्रिकेत, अगदी हीच. तिच्यावर त्यांनी लाल शाईने लिहिलं होतं, 'चंद्र क्षितिजाच्या वर आहे का, ते आधी बघ.'

त्यांनी ऋषिराजला बोलावून घेतलं. तो आला तशी त्यांनी त्याला उभंच ठेवलं.

"पत्रा तू केलास."

तो एक पाऊल मागे सरकला.

"तांब्यावर अक्षरं कोरायला कुणाला बसवलंस ते मला सांगू नकोस. हिरवा रंग कशाने आणलास तेही नको. मला एवढंच सांग, ग्रहण किती वाजता होतं?"

"मॅडम..."

"किती वाजता?"

त्याने खिशातून मोबाइल काढला आणि बोटं फिरवत राहिला. त्याचा चेहरा उतरत गेलेला बाईंना दिसला. मग तो म्हणाला, "पण मॅडम, तुमचे बॅबिलोनवाले पण दिवसाची ग्रहणं लिहायचे ना? आधी गणित करून?"

"लिहायचे. आणि सोबत लिहायचे की हे दिसणारं नव्हे. तुझा राजा डोळ्यांनी बघतोय, गाढवा!" बाईंचा आवाज चढला. "खोटं बोलायचं तर निदान माझ्या विद्यार्थ्यासारखं बोलायचं. इथे पौषातली कितीतरी ग्रहणं आहेत. याच्या दहाच वर्षं अलीकडे एक आहे, संध्याकाळनंतर, पूर्ण खग्रास, चंद्र पूर्वेला छान वर आलेला. तेवढं बघायचे कष्ट तुला झाले नाहीत."

त्यांनी स्क्रीन फिरवून त्याला ते ग्रहण दाखवलं. स्पर्श कधी, मोक्ष कधी, सगळं. चूक दाखवताना त्यांना नेहमी स्फुरण चढायचं तसं आताही चढलं होतं.

ऋषिराजने खाली बघतच विचारलं, "तुम्ही बाहेर सांगणार?"

"कुणाला सांगू? यात सांगण्यासारखं काय आहे? विजयसिंहरावांना सांग, दाखला मिळणार नाही."

"ते मला कायम करणार होते, मॅडम. नऊ वर्षं झाली तासिकांवर."

"मग कर त्यांची चाकरी," बाई म्हणाल्या आणि कॉम्प्युटरकडे वळल्या. तो गेला तेव्हा त्यांनी दाराकडे पाहिलंसुद्धा नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी निमंत्रणपत्रिका आली. तिच्यावर ताम्रपटाचा फोटो होता. बाईंनी भिंग घेतलं. माघाच्या जागी पौष. शक दहा वर्षांनी पुढचा. वार बदललेला. खाली ओळ होती, 'कालनिश्चिती : प्रा. श्यामला, ज्येष्ठ ग्रहण-संशोधक'.

बाईंनी जानेवारीचा पेपर काढून पत्रिकेशेजारी ठेवला. विजयसिंहरावांची त्यांना कीव आली आणि ऋषिराजची किळस. पण त्या दोघांवरचा राग फार वेळ टिकला नाही, कारण खोट्याला बिनचूक कुणी केलं होतं ते त्यांना नीट ठाऊक होतं. सबंध आयुष्य त्यांनी मूर्खांना चुका दाखवण्यात घालवलं होतं. एका मूर्खाने या वेळी ते ऐकलं होतं.

नरसिंहपूरला त्या एसटीने गेल्या. देवळाजवळ मांडव, फेटे, हलगी. स्टेजवर मखमली पेटी, मागे विजयसिंहरावांचा माणसापेक्षा मोठा फोटो. ऋषिराज सूत्रसंचालन करत होता. त्याने बाईंना पाहिलं आणि त्याचं वाक्य मध्येच अडखळलं. पण विजयसिंहरावांनी माईक घेतला आणि खुशीत जाहीर केलं, "मॅडम स्वता आल्यात. टाळ्या!"

टाळ्या चालू असतानाच बाई पुढे गेल्या. माईक त्यांना कुणी दिला नाही. त्यांनी तो मागितलाही नाही. वर्गात बोलायच्या आवाजात त्या म्हणाल्या, "जानेवारीच्या पेपरात याच पत्र्यावर माघ महिना होता. आज पौष आहे. नऊशे वर्षं जमिनीत असलेला लेख दोन महिन्यांत बदलला. कालनिश्चिती मी केलेली नाही. माझं नाव काढा."

पुढच्या तीन रांगांनी ऐकलं. तिसऱ्या रांगेतला फेटेवाला शेजाऱ्याला विचारत होता, "काय म्हनत्यात बाई?" शेजारी म्हणाला, "पौषात म्हनं काय तरी शुभ न्हाय."

विजयसिंहराव हसत खाली उतरले आणि बाईंचा हात दोन्ही हातांत धरून त्यांना मांडवाच्या कडेला घेऊन गेले. त्यांचा आवाज मऊ होता. "मॅडम, येवढं का मनाला लावून घेता? खरं-खोटं कोन बघतंय? आनखी पाचशे वर्सांनी ह्यो पत्रा बी जुनाच हुईल."

  बाईंनी हात सोडवून घेतला आणि त्या चालू लागल्या.

एसटीच्या थांब्याजवळ मागून कुणीतरी हाक मारली. राजेश्वरी होत्या. पैठणीचा पदर सावरत, भराभर चालत आलेल्या.

"बाई, ह्ये दोनी खोटंच हाय ना?"

"हो."

"पयला पत्रा आमच्या ट्रॅक्टरच्या शेडमधी केला. मी भाकरी द्यायला गेलती तवा हिरवा पडावा म्हनून नवसागराच्या पान्यात बुडवत हुते. दुसऱ्याच्या टायमाला मला म्हायेरी धाडलं." त्या थांबल्या. "माझ्या सासऱ्यांच्या आज्यानं हितं संगमावर नाव चालवली. लोकं हिकडून तिकडं न्यायचा. ते सांगायला काय हुतं ह्यास्नी?"

"हे लिहून द्याल?" बाईंनी विचारलं.

राजेश्वरींनी मांडवाकडे पाहिलं. "न्हाय वो. मला तितंच ऱ्हायचं हाय." आणि त्या परत गेल्या. बाईंनी त्यांना मनात नावं ठेवायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही.

महिन्याभरात बाईंनी दोन पानांचं टिपण लिहिलं. एका बाजूला वर्तमानपत्रातला फोटो, दुसऱ्या बाजूला पत्रिकेवरचा. दोन्ही ग्रहणांच्या वेळा. आणि शेवटी एक कबुली, की दुसरी तारीख लेखिकेनेच असावधपणे सुचवली होती. हे शेवटचं वाक्य त्यांनी चार वेळा खोडलं आणि पाचव्यांदा ठेवलं. पुण्याच्या एका संशोधन-त्रैमासिकाने टिपण छापलं. इंदापुरात त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. ग्रंथ खपला आणि पेटी कॉलेजच्या दर्शनी भागात गेली.

जूनमध्ये ऋषिराजचा फोन आला. तो कायम झाला होता. टिपण त्याने वाचलं होतं.

"मॅडम, तुम्ही माझं नाव घातलं नाही. उपकार झाले."

"उपकार नाहीत," बाई म्हणाल्या. "तळटीपेत नाव घालायला माणसाने काहीतरी केलेलं असावं लागतं. तू माझं उत्तर उतरवून घेतलंस."

 त्याने फोन ठेवला नव्हता. बाईंनीही ठेवला नाही. मागे त्याच्या वर्गात मुलांचा गलका चालला होता, बाकं सरकत होती.

"आज काय शिकवतोयस?" शेवटी त्यांनी विचारलं.

"त्रिकोणमिती."

"हं," बाई म्हणाल्या. "मग जा. पोरं थांबलीयेत."

फोन ठेवून त्या पुन्हा कामाला बसल्या. समोर स्क्रीनवर एक अर्धी फुटलेली पाटी होती, राजाचं नाव तुटून गेलेलं, वर्ष शिल्लक. त्या संध्याकाळी त्यांनी तोच आकडा तीनदा चुकीचा टाइप केला आणि मग कॉम्प्युटर बंद करून अंगणात जाऊन बसल्या.