कौशल्याबाईंचे गंगावन

मला पाहून तुम्ही आधी दचकाल. ट्रंकेच्या तळाशी, जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेले काहीतरी काळे आणि लांब हाताला लागले, तर कुणीही दचकेल. घाबरू नका मित्रांनो. मी साप नाही आणि उंदराची शेपटी तर नाहीच नाही. मी एक जुने गंगावन आहे. ज्यांची वेणी आखूड किंवा बारीक असते त्या बायका आपल्या केसांत दुसऱ्या केसांचा झुबका गुंफतात, तो झुबका म्हणजे मी.

दुसऱ्याचे केस म्हटल्यावर तुम्ही नाक मुरडाल. पण मी बाजारातून आलेले नाही. निघोजे गावात सगुणाबाई नावाची एक शेतकरीण होती. ती आणि तिची मुलगी कौशल्या सकाळी ओसरीवर बसून एकमेकींचे केस विंचरत. फणीत अडकून राहणाऱ्या केसांना गुंतवळ म्हणतात. पुष्कळ बायका तो सुया-पोत विकणारीला देतात आणि बदल्यात दोन सुया घेतात. सगुणाबाईने तो भिंतीतल्या कोनाड्यात साठवला, दोघींचा एकत्र, तब्बल सात वर्षे. कौशल्याचे लग्न ठरले तेव्हा सुया-पोत विकणाऱ्या गोजाबाईला तिने ओसरीवर बसवून घेतले. गोजाबाईने तो सारा गुंतवळ रिठ्याने धुतला, एकेक केस सोडवला आणि चार दिवस खपून मला वळले. "लेकीचे कुठले आन् आईचे कुठले, आता देवालाबी कळायचं न्हाई," असे ती म्हणाली. त्या वाक्याचा मला फार अभिमान वाटला.

कौशल्या मारुंजीला नांदायला गेली आणि चार वर्षांत परत आली. नवरा तापाने गेला होता. तिचे कपाळ पांढरे झाले, हात रिकामे झाले आणि मी ट्रंकेत गेले. विधवेला गंगावन कशाला, असे कुणी मोठ्याने म्हटले नाही, पण ते सगळ्यांना ठाऊक होते.

घर आता तिच्या भावाचे होते. अर्जुनराव हा सगुणाबाईचा एकटाच उरलेला मुलगा. त्याच्या आधीचे तिघे लहानपणीच गेले होते. तो वाईट माणूस नव्हता मित्रांनो, पण चार लोक काय म्हणतील या भीतीपुढे त्याचे काही चालत नसे. चिंचवडच्या एका नाटक मंडळीला कपडे शिवायला बाई हवी होती, म्हणून कौशल्या तिकडे गेली. तिथे ऐन वेळी नायिका आजारी पडली. पडद्याआड शिवत बसून हिला सगळे नाटक पाठ झाले होते, म्हणून हिलाच उभे केले. बातमी गावात पोचली आणि अर्जुनरावाने विहिरीवर जाऊन जिवंत बहिणीच्या नावाने आंघोळ केली.

कौशल्या आपली ट्रंक न्यायला आली, तेव्हा तो एवढ्यावर थांबला नाही. तिच्यासमोरच त्याने आईचा हात धरून आपल्या डोक्यावर ठेवला. "म्हन, ही माझी लेक न्हाई. पुन्यांदा हिला लेक म्हनलीस तर माझं मढं बघशील," तो म्हणाला. तीन मुले पुरलेली आई काय करणार? तिने शपथ घेतली. मी ट्रंकेत होते आणि ट्रंक लेकीच्या हातात होती. ती मला घेऊन उंबरा उतरली.

त्यानंतर माझे खरे दिवस सुरू झाले. त्या काळी गावोगावचे तरुण जत्रेला नाटक बसवत, पण बाईचे काम करायला गावातली बाई मिळत नसे. मग कौशल्याबाईंना बोलावणे यायचे. भोसरी, चाकण, देहू, कुठे बैलगाडीतून, कुठे एस.टी.तून. पुढे पिंपरीला औषधाचा कारखाना झाला, तिथल्या कामगारांच्या नाटकांतही त्या असत. सोबतच्या गड्याला भाषण आठवेना झाले की त्या त्याचेही वाक्य आपल्या वाक्यात घालून नेत आणि बघणाऱ्याला पत्ता लागत नसे. मी गुडघ्यापर्यंत रुळत असे. बाई वळल्या की मी झोका घेई आणि पहिल्या रांगेतल्या बायका "अगं बाई!" म्हणत. मी शेफारले होते, खोटे कशाला सांगू?

पण मला आठवते ते नाटक संपल्यानंतरचे. सोंगासाठी लावलेले कुंकू बाईंना पुसावे लागे. खोबरेल तेलाचा बोळा हातात घेऊन त्या आरशापुढे बसत आणि कितीतरी वेळ पुसतच नसत. मग मला सोडवून, साधा अंबाडा घालून, पांढऱ्या कपाळाने बाहेर पडत. तीन तासांपुरते मिळालेले सौभाग्य रोज आपल्याच हाताने पुसायचे, याहून वाईट काम मी पाहिलेले नाही.

एकदा पिंपरीच्या वसाहतीतल्या शिक्षिका सुमनताई त्यांच्याकडे आल्या. त्या कामगारांचे हस्तलिखित मासिक काढत. त्यांना बाईंची मुलाखत हवी होती. त्यांनी नाटकांविषयी विचारले. बाई म्हणाल्या, "टाळ्या आवडतात, पण टाळ्या घरी येत नाहीत." राहणीविषयी विचारले, कारण वसाहतीतल्या मुली बाईंसारखी वेणी घालू लागल्या होत्या. बाई हसल्या. "नटीनं बोर्डावर नटावं, रस्त्यावर नाही. लुगडं साधं असू दे, पण स्वच्छ हवं आणि निऱ्या सरळ हव्यात."

मग सुमनताईंनी घरच्यांविषयी विचारले. "सगळे छान आहेत," बाई म्हणाल्या. "भाऊ भाऊबीजेला येतो. आणि आई तर माझं एकही नाटक चुकवत नाही. पुढच्याच रांगेत बसते." मित्रांनो, मी खुंटीवर लटकत होते. एवढे सुंदर खोटे मी त्यांच्या कुठल्याही नाटकात ऐकले नव्हते.

निघोज्याचा चिमाजी त्या कारखान्यात कामाला होता. अर्जुनरावाचा शेजारी. त्याने ते हस्तलिखित गावी नेले आणि अर्जुनराव रानात गेल्यावर सगुणाबाईला वाचून दाखवले. पुढच्या रांगेचे वाक्य तिने त्याला तीनदा वाचायला लावले, असे त्याने मागाहून सांगितले. मग ती म्हणाली, "लेकरू खोटं पडाया नगं." चिंचवडला मोरयाच्या दर्शनाला जाते असे घरी सांगून ती चिमाजीबरोबर निघाली.

रात्रपाळीच्या कामगारांना बघता यावे म्हणून पिंपरीच्या वसाहतीतला तो प्रयोग रविवारी दुपारी ठेवला होता. चिमाजीने तिला मांडवात बसवले आणि तो परतीची गाडी बघायला गेला. नाटक रंगले. ते संपल्यावर बाई पडद्यामागे येऊन बसल्या आणि कुंकू पुसू लागल्या. एवढ्यात नाटक बसवणारे नानासाहेब आत आले.

"बाई, निघोज्याहून एक बाई आली आहे. भेटायचं म्हणते."

"नाव काय?"

"विचारलं. नुसतं निघोज्याची बाई म्हणून सांगा, म्हणते."

आदल्या वर्षी चाकणला अशीच एक निघोज्याची बाई भेटायला आली होती आणि चारचौघांत बाईंच्या पायाशी थुंकून गेली होती. बाईंचा चेहरा उतरला. "निघोज्याचं कुणी नको," त्या म्हणाल्या. "मी गेले म्हणून सांगा."

मध्ये फक्त एक कापडी पडदा होता. पलीकडून आवाज आला, "गेल्या? बरं, बरं. येळंवर जेवत जावा म्हनावं."

खुर्च्या आवरण्याच्या गोंगाटात बाईंना शब्द तेवढे कळले, पण तो आवाज मी ओळखला. माझ्यातले अर्धे केस त्याच आवाजाच्या मांडीवर विंचरले गेले होते. मी बाईंच्या पाठीवर होते आणि मला जीभ नव्हती. मी ओरडू शकले नाही, त्यांना ओढू शकले नाही. बाईंनी निम्मे पुसलेले कुंकू पुन्हा पुसायला घेतले. बाहेर चपला फरफटत लांब गेल्या.

दुसऱ्या दिवशी सुमनताई आल्या, त्या थोड्या नाराज होत्या. "तुमच्या आई काल आल्या नाहीत का हो? तुम्ही सांगितलं होतं म्हणून मी पुढच्या रांगेत त्यांच्यासाठी खुर्ची राखून ठेवली होती. शेवटी खेड्यातली एक आजी येऊन बसली. मी म्हटलं, आजी, ही खुर्ची बाईंच्या आईची आहे. तर म्हणते, ती येईस्तवर बसते. आणि शेवटपर्यंत उठलीच नाही. सारखी पदरानं डोळे पुसत होती. मला विचारलं काय, तर ही बाई वेळेवर जेवते का?"

बाईंच्या हातातली फणी खाली पडली. नाव का सांगितले नाही, ते त्यांना आता कळले. मुलाच्या डोक्यावर हात ठेवलेली आई 'मी तिची आई' असे कोणत्या तोंडाने सांगणार? त्या रडल्या नाहीत. नुसते म्हणाल्या, "मी तिला हाकललं." सुमनताईंना काहीच समजेना.

मंगळवारी बाई निघोज्याला गेल्या. मला केसांत घालून गेल्या, विधवा झाल्यापासून रंगमंचाबाहेर पहिल्यांदाच. सगुणाबाई ओसरीवर कांदे निवडत होती आणि अर्जुनराव दोर वळत होता. सगुणाबाईने वर पाहिले. लेकीकडे पाहिले, मग मुलाकडे पाहिले.

"कुठल्या म्हनायच्या बाई तुमी?" तिने विचारले.

जन्म दिलेल्या लेकीला 'तुमी' म्हणताना तिची हनुवटी हलत होती. बाई कशाबशा म्हणाल्या, "चिंचवडच्या."

"उनातान्हाचं आलाय. बसा, भाकर खाऊन जावा."

तिने भाकरी, पिठले आणि बुक्कीने फोडलेला कांदा वाढला आणि समोर बसली. "आई हाय का तुमची?"

"आहे."

"नाटकाला येती का तुमच्या?"

"परवा आली होती." बाईंचा घास हातातच राहिला. "पुढच्या खुर्चीत बसली होती. नंतर मला भेटायला आली, आणि मी तिला परत पाठवलं. मला ठाऊक नव्हतं ती आहे म्हणून."

"तिला न्हाई राग यायचा," सगुणाबाई म्हणाली. "आईला कशाचा राग? पर म्हातारं मानूस हाय. पुन्यांदा यायचं व्हनार न्हाई तिला."

अर्जुनरावाने दोरावरून मान वर केली नाही. "आई, चाकनची गाडी जाईल. पाव्हणीला वाटंला लाव." वळलेला दोर त्याच्या हातातून सुटून उलगडला, पण शब्द त्याने मागे घेतला नाही. बाई उठल्या. सगुणाबाई उंबऱ्यापर्यंत आली आणि तिथेच थांबली.

त्याच वर्षी पौषात सगुणाबाई गेली. कुणी कळवले नाही. चिमाजीने सांगितले तेव्हा तेरावाही होऊन गेला होता. बाईंनी मला धुतले, तेल लावले, आईच्याच एका जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळले आणि ट्रंकेत ठेवले. नाटकासाठी त्यांनी बाजारातून दुसरे गंगावन आणले. मला राग आला नाही. माझे ओझे त्यांना आता झेपत नव्हते.

मला कसर लागू लागली आहे मित्रांनो. आठवण झाली तर ट्रंकेत कापराची एखादी वडी टाका, न टाकलीत तरी माझी तक्रार नाही. माझे मागणे दुसरेच आहे. तुम्ही घरात असाल, दमलेले असाल, आणि कुणी सांगेल की बाहेर एक बाई थांबली आहे, नाव सांगत नाही. तेव्हा 'मी नाही म्हणून सांगा' असे म्हणू नका. उठा आणि स्वतः जाऊन बघा. चपला शोधायलासुद्धा थांबू नका.