जोडीतला दुसरा स्पीकर

थोरल्याच्या घरातला जुना स्पीकर आधी खरखरायला लागला आणि मग चक्क फडफडायला. बातम्या सांगणारा माणूस तोंडात पत्रा धरून बोलतोय असं वाटायचं. "गेला हा. भंगारात टाकू," थोरला म्हणाला. पण त्याची बायको पुस्तकांच्या बाइंडिंगचं काम करणारी. काही उसवलेलं, सुटलेलं दिसलं की तिचे हात शिवशिवत. तिने पुढची जाळी काढली. आतला कागदी कोन धडधाकट होता. कोनाच्या कडेने फोमची मऊ रिंग असते, तिच्यामुळे तो मागेपुढे हलू शकतो. ती रिंग मात्र बोट लावताच भुगा होऊन खाली पडली.

"स्पीकर ठणठणीत आहे. नुसती कड गेलीये," ती म्हणाली.

सुट्या भागांच्या दुकानात तिला पाकीट मिळालं. आत दोन रिंगा होत्या.

"मला एकच हवीये."

"एकटी येत नाही, ताई. स्पीकर जोडीनेच असतात ना!"

तिने पैसे पुढे केले. जोडीतला दुसरा स्पीकर कुठे आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं, पण घरात त्याचा विषय काढायची सोय नव्हती.

सासरे गेले तेव्हा थोरला कामासाठी परगावी होता. अंत्यविधीला तो कसाबसा पोचला, लगेच परत गेला आणि आठवड्याने आला, तोवर धाकट्या भावाने वडिलांची खोली रिकामी करून टाकली होती. कपडे, खाट, चष्मे, सगळं देऊन मोकळा. "मला एका शब्दाने विचारायचं तरी होतंस," थोरला म्हणाला. "ते अंथरुणाला खिळले होते तेव्हा तू आलास का विचारायला?" धाकटा म्हणाला. शब्दाने शब्द वाढला. खोलीत उरले होते फक्त दोन स्पीकर. तिरमिरीत दोघांनी एकेक उचलला आणि दोन दिशांना चालते झाले. त्यानंतर बोलणं बंद ते बंदच.

घरचा स्पीकर तिने सवडीने दुरुस्त केला. आतल्या वायरी सोडवल्या, जुना चिकट गोंद स्पिरिटने पुसून काढला, नवी रिंग आधी कोनाला चिकटवली, मग लोखंडी चौकटीला. आवाज मोकळा झाला. थोरल्याने "वा!" म्हटलं आणि पुन्हा बातम्यांत डोकं घातलं.

"मी भावोजींकडे जाऊन येते," उरलेली रिंग पिशवीत टाकत ती म्हणाली.

थोरल्याने आवाज कमी केला. तिच्याकडे पाहिलं. मग आवाज पुन्हा वाढवला.

धाकट्याकडे स्पीकर गॅलरीत होता आणि त्याच्यावर कुंडी होती.

"एकट्या स्पीकरचं मी काय करणार होतो, वहिनी? पण टाकवला नाही."

तिने जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. कोन जरा तिरका बसला की मागची कॉइल चुंबकाला घासते, म्हणून गोंद ओला आहे तोवरच तपासावं लागतं. धाकटा दोन्ही हातांनी कोन हळूच दाबायचा आणि ती कान लावायची.

"घासतोय. जरा माझ्याकडे सरकवा. हां, आता बरोबर."

हात गुंतलेले असतानाच तो म्हणाला, "बाबांचे कपडे खुंटीवर लटकलेले बघवत नव्हते हो मला. म्हणून दिलं सगळं. दादाला वाटलं, मला घाई झाली होती."

"मग हे त्यांना सांगा की."

"तो ऐकतो कुठे?"

"गोंद वाळला की स्पीकर घेऊन घरी या. जोडीला लावल्याशिवाय कळणार कसं?"

दोन दिवसांनी तो खोकं पोटाशी धरून दारात उभा राहिला. दार थोरल्याने उघडलं. दोघंही क्षणभर खांबासारखे उभे. मग थोरला बाजूला झाला.

दोन्ही स्पीकर जोडले, गाणं लावलं, आणि वहिनीचा चेहरा पडला. आवाज पोकळ येत होता. ढोलकीचा ठोका तर कुणीतरी गिळूनच टाकला होता.

"एकाची वायर उलटी आहे," थोरला भिंतीकडे बघत म्हणाला.

"माझी बरोबर आहे. लाल लालला लावलीये."

"मग आतून उलटी असेल."

"माझी कशाला? तुझी बघ ना!"

थोरल्याने टॉर्चमधला सेल काढला आणि वायरींना टेकवला. धाकट्याच्या स्पीकरचा कोन टुपकन पुढे आला. थोरल्याचा मागे गेला, म्हणजे उलटी वायर त्याचीच.

"बघ!" धाकटा ओरडला.

वहिनीने जीभ चावली. परत जोडताना आतल्या वायरींची अदलाबदल तिनेच केली होती. दोघा भावांनी एकदमच तिच्याकडे पाहिलं आणि एकदमच हसले.

वायरी बदलल्यावर गाणं असं भरून आलं की कुणी मधे बोललं नाही. ते संपल्यावर थोरल्याने विचारलं, "एवढ्या लगेच का रे दिलंस सगळं?" वहिनीला सांगितलं होतं तेच धाकट्याने सांगितलं. थोरल्याने स्पीकरवरची धूळ बोटाने पुसली.

"मलाही बघवलं नसतं," तो म्हणाला. "पण विचारायचं होतंस."

"हो. विचारायला हवं होतं."

"आणि मी यायला हवं होतं."

निघताना धाकट्याने खोक्याला हात घातला, तेव्हा थोरला खेकसला, "ने म्हटलंय का कुणी?"

पुढच्या सुट्टीला धाकटा बायकोला घेऊन आला. आवाज किती मोठा ठेवायचा यावरून भावाभावांची अशी जुंपली, की दोघी जावा वैतागून फिरायला निघून गेल्या.