पेरापेरानं

महांतप्पा सरांनी ढोकीच्या शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलं, तेही उसाच्या हिशेबानं. लांबलचक शब्द फळ्यावर आला की पोरांच्या तोंडचं पाणी पळायचं. सर म्हणायचे, "ऊस अख्खा कुणी गिळतं का? पेरापेरानं मोडा." मग दर वर्षीचा ठरलेला शब्द, रि-स्पॉन-सि-बि-लि-टी. जोर 'बि'वर, म्हणून तिथं टेबलावर टकटक. शिवाय मूळ शोधायचं, रिस्पॉन्स म्हणजे जबाब, म्हणून जबाबदारी.

वर्गात एवढं बोलणारा माणूस घरात मात्र मुका. बायकोचं नाव घ्यायची त्या घरात रीतच नव्हती. काही हवं असलं की सर चौकटीवर टकटक करायचे आणि रुद्रम्मा "व्हय, आले" म्हणत यायची. एकदा तरी नावानं हाक मारावी, असं तिला लई वाटायचं. पण बोलणार कोण?

दिवाळीनंतर सरांना लकवा मारला. हातपाय सुधारले, वाचा गेली. धाराशिवचे डॉक्टर रुद्रम्माला म्हणाले, "घरच्यांची नावं तुकडे करून म्हणायला लावा. तुमच्या नावापासनंच सुरू करा."

रुद्रम्मा समोर बसली. या वयातही तिला लाज वाटली. "म्हणा, रुद्-रम्-मा." सरांचे ओठ हलले, कपाळावर घाम आला आणि एकदम स्वच्छ आवाज उमटला, "रि-स्पॉन-सि-बि-लि-टी." टकटकसुद्धा जिथल्या तिथं.

देव पावला म्हणून तिनं शेजारच्या उमाबाईला बोलावून साखर दिली. पण पाणी हवं असलं तरी तोच शब्द, पाय दुखला तरी तोच. तो म्हणताना सर रडायचे.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी सांगितलं, "जिभेवर हजारदा घोळलेलं तेवढं उरलंय, बाई. नवं काही येईल असं वाटत न्हाय."

नवं. रुद्रम्मा सुन्न झाली. एवढा संसार करून आपलं नाव या माणसाला नवंच राहिलं होतं. दोष तरी कुणाला द्यायचा? तिनंही कधी हट्ट धरला नव्हता.

तरी घरी आल्यावर ती पुन्हा समोर बसली. "रुद्-रम्-मा." सरांनी तिच्याकडं बघत 'रम्'वर टकटक केली. ती पुन्हा म्हणाली, त्यांनी पुन्हा केली. जोर कुठं द्यायचा ते त्यांना कळत होतं. नाव येत नव्हतं.

ती उठून चुलीपाशी गेली आणि तोंडात पदर कोंबून रडली. मागं चौकटीवर टकटक झाली.

तिनं डोळे पुसले. "व्हय, आले," ती म्हणाली.