वीस वजा

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे, आणि मी विकला गेलो तेव्हा मी विकायला नव्हतोच. त्या धक्क्यातून मी अजून पुरता सावरलेलो नाही. बोलता बोलता माझा सूर चढला तर सांभाळून घ्या.

माझं अंग ओतीव लोखंडाचं, डोक्यावर पितळी ताट, समोर पांढरी तबकडी आणि तिच्यावर एकच काळा काटा. कारखान्यातून बाहेर पडलो तेव्हा मी इतका अचूक होतो की मला त्याची घमेंडच चढली होती. खिळे, बिजागऱ्या, कड्या-कुलपं विकणाऱ्या एका दुकानदाराने मला घेतलं. त्यांची धाकटी लेक त्यांना बाबा म्हणायची, म्हणून मीही बाबाच म्हणू लागलो.

पहिल्याच वर्षी हमालाच्या हातून खिळ्यांची पेटी निसटली ती थेट माझ्यावर. तेव्हापासून माझा काटा शून्यावर येईना. रिकामा असलो तरी वीस ग्रॅम दाखवायचा. गर्वाचं घर खाली म्हणतात ते काही खोटं नाही. आता आपण भंगारात जाणार, असं मी धरूनच चाललो होतो. पण बाबांनी लाल रंगाचा डबा उघडला आणि तबकडीच्या वर, अगदी माझ्या कपाळावर, ठळक अक्षरांत लिहिलं, ‘वीस वजा’. दुरुस्त का करत नाही, असं गिऱ्हाइकांनी विचारलं की म्हणायचे, “दुरुस्त केलेला काटा पुन्हा कधी दगा देईल सांगता येत नाही. ह्याची खोट मला ठाऊक आहे, आणि आता तुम्हालाही.”

पुढे तो शब्द घरातच रुळला. शेजारचे काका फुशारक्या मारू लागले की आई हळूच म्हणायची, “वीस वजा.” धाकटीने पेपर सोडवून आल्यावर गुणांचा अंदाज सांगितला की बाबाही तेच म्हणायचे, आणि निकाल लागला की ते बरोबर ठरायचे.

तीस वर्षं मी इमानेइतबारे खिळे तोलले. मग समोर काचेचं मोठं दुकान आलं आणि आमचं शटर अर्ध्यावर आलं. आत जुनी पितळी कुलपं पोत्यांनी पडून होती. धाकटी म्हणाली, “बाबा, ही आपण ऑनलाइन लिलावात विकू. तिथे विक्रेत्याला सगळं मोफत आहे, वजा काहीच नाही.”

ती प्रत्येक कुलूप माझ्या ताटात ठेवून फोटो काढायची. फॉर्ममध्ये स्वतः लिहायची, की चावी एकच आहे, डावीकडे पोचा आहे, गंज लागलाय. बाबांचीच लेक ती. लांबलांबून बोली लागायच्या आणि लोक लिहायचे, जसं सांगितलं तसंच निघालं. ते ऐकून माझी मान ताठ व्हायची.

हळूहळू साइटने दात दाखवले. आधी लिस्टिंगला पैसे, मग विक्रीवर कमिशन, मग टपालखर्चावरही कमिशन. “टपालाचे पैसे माझे नाहीतच, त्यात वाटा कसला मागता?” असं धाकटी स्क्रीनला विचारत बसायची. स्क्रीन कसली उत्तर देते. आणि एक दिवस जुना फॉर्मच गायब झाला. त्याच्या जागी फोटो बघून आपलं आपण लिहिणारं नवं साधन आलं. पहिल्याच दिवशी त्याने बिजागरीला ‘पितळी फुलपाखरू’ म्हटलं. बाबा हसून हसून खोकले. पण एक चूक सुधारायला सात बटणं दाबावी लागायची. त्या आठवड्यात अडतीस कुलपं चढवायची होती. विसाव्या कुलपापर्यंत धाकटीने निमूटपणे सुधारत आणलं, मग तिचा धीर सुटला आणि तिने ‘सर्व मान्य’ दाबलं.

चार दिवसांनी निरोप आला, अभिनंदन, तुमचा वजनकाटा विकला गेला.

धाकटीने तो तीनदा वाचला. मी ऐकलं आणि माझ्या पायाखालचं टेबल सरकलं. त्या साधनाने कुलूप पाहिलंच नव्हतं, मला पाहिलं होतं. लिहिलं होतं, ‘जुना वजनकाटा, अचूक वजन, सोबत कुलूप मोफत.’

तिने मदत केंद्राला फोन लावला. बराच वेळ नुसतं संगीत वाजलं, मग एक माणूस आला.

“रद्द करता येईल मॅडम, पण तुमचे तारे कमी होतील. कमिशन परत मिळत नाही.”

“विकायला नसलेल्या वस्तूचं कमिशन?”

“हो मॅडम.”

तारे कमी झाले की बाकीची सदतीस कुलपं यादीच्या तळाला जाणार, तिथे कुत्रंही फिरकत नाही. एक दिवस तिने ही गोष्ट पोटात ठेवली. दुसऱ्या दिवशी बाबा नेहमीसारखे येऊन माझं ताट पुसू लागले, तेव्हा तिला राहवलं नाही.

बाबांनी चष्मा लावून सगळं वाचलं. मला वाटलं, आता म्हणतील, जाऊ दे तारे, काटा राहू दे. पण त्यांचं बोट एकाच शब्दावर थांबलं.

“अचूक? हे कोणी लिहिलं?”

“मशीनने, बाबा.”

“आपल्या दुकानाच्या नावाखाली?”

ते मटकन स्टुलावर बसले. शटर अर्ध्यावर आलं त्या दिवशीही मी त्यांना इतकं हादरलेलं पाहिलं नव्हतं. मग म्हणाले, “ज्या बाईंनी बोली जिंकली, त्यांना लिही. काटा वीस ग्रॅम जास्त दाखवतो. नको असेल तर त्यांनी नाही म्हणावं. हवा असेल तर काटा त्यांचा. नाव आपलं आहे.”

मी मनोमन नकार मागत होतो. उत्तर आलं. त्या बाईंची बेकरी होती. त्यांनी लिहिलं होतं, “फोटोत कपाळावरचं वाचलं, म्हणूनच बोली लावली. एवढी ठळक लाल अक्षरं तुमच्या मशीनला कशी दिसली नाहीत?”

जायचं ठरलं, तर पार्सलचं वजन भरायला हवं. घरातला काटा मीच, मग मला तोलणार कोण? शेवटी शेजारच्या काकांचा माणूस तोलायचा काटा आणला. बाबा मला उचलून त्यावर उभे राहिले, मग मला खाली ठेवून एकट्यानेच उभं राहायचं होतं. मला खाली ठेवायला त्यांनी जरा वेळच लावला.

आता मी बेकरीत मैदा आणि लोणी तोलतो. बाई न चुकता वीस वजा करतात. मला इथे काही कमी नाही. परवा धाकटीचं पत्र आलं, ते बाईंनी भट्टीपाशी मोठ्याने वाचलं. तिकडे दुकानात आकडे दाखवणारा नवा काटा घेतलाय. पण बाबा सवयीने प्रत्येक पार्सलमधून वीस वजा करून सांगतात. वजन कमी भरलं म्हणून साइटने दंड लावला. धाकटी म्हणाली, “बाबा, हा काटा बरोबर आहे. ह्यात वजा काहीच नाही.”

बाबा म्हणाले, “वजा काहीच नाही, असं ती साइटही म्हणाली होती.”

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादी जुनी वस्तू थोडी बिघडलेली असेल. तिला टाकू नका, आणि तिची खोट झाकूही नका. कपाळावर लिहा, म्हणजे ती कोणाला फसवणार नाही. माणसांनाही हे जमेल, पैसे कापून घ्यायचेच असतील तर आधी मोठ्या अक्षरांत सांगावं.

बाबांची मला रोज आठवण येते. किती येते ते तबकडीवर मावत नाही. पण जेवढी सांगतो तेवढी खरीच आहे. त्यातून वीस वजा करू नका.