न्हाणीघराची आतली कडी

मित्रांनो, घराच्या पुढच्या दाराचं कौतुक सगळेच करतात. नावाची पाटी त्याला, तेलपाणीही त्यालाच. मी मात्र एका लहानशा घरातल्या न्हाणीघराची जुनी कडी आहे, तीही आतल्या बाजूची. दुकानात मी पितळेची म्हणून विकली गेले. खरं तर मी लोखंडाची, वरून नुसता मुलामा. तो कधीच उडाला.

सुताराने मला दारावर बसवलं आणि समोर चौकटीवर माझा जोडीदार कोयंडा बसवला. मी सरकून त्याच्यात शिरले की दार बंद. एवढंच माझं काम. त्यात कसली आली बढाई!

या घरात एक नवरा-बायको राहायला आले. दोघंही तशी पोरसवदाच. तो छापखान्यात कामाला, ती चष्म्याच्या दुकानात काचा बसवायची. मग बाळ झालं आणि न बोलताच वाटण्या झाल्या. त्याने कमवायचं, तिने नोकरी सोडून बाळ बघायचं. आपापल्या वाटणीचं ओझं दोघांनाही झेपत नव्हतं, पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण?

ती आत यायची, मला सरकवायची, नळ सोडायची आणि उपड्या बादलीवर बसायची. कधी रडायची, बहुतेक वेळा नुसती भिंतीकडे बघत राहायची. बाहेर बाळ दारावर थापा मारत असायचं. थोड्या वेळाने ती तोंड धुऊन दार उघडायची आणि म्हणायची, "कुठे गेलं होतं माझं पिल्लू?" बाळ खिदळायचं, तीही हसायची. ते हसू खोटं नव्हतं. आत बसायला मिळत होतं म्हणून तिला ते जमत होतं.

तोही यायचा. छापखान्यात माणसं कमी करायचं घाटत होतं आणि घरी सांगायला त्याची जीभ रेटत नव्हती. तोही त्याच बादलीवर डोकं धरून बसायचा. पण त्याला माझी गरज पडत नसे. तो आत आला की ती बाळाला उचलून गॅलरीत न्यायची. "बाबांना बसू दे हं जरा," म्हणायची. हे तिचं काम त्याच्या कधी ध्यानातच आलं नाही.

बाळ चालायला लागलं. एके दुपारी ती उतू जाणारं दूध बघायला धावली, तेवढ्यात ते न्हाणीघरात शिरलं. दार लोटून ते बादलीवर चढलं आणि आईसारखंच मला सरकवून बसलं. मग जो आकांत झाला तो विचारू नका. शेवटी सुतार खिडकीतून आत उतरला. बाळाला खरचटलंसुद्धा नव्हतं, पण आईच्या चेहऱ्यावर रक्त राहिलं नव्हतं.

संध्याकाळी सासूबाई आल्या. "लक्ष कुठे असतं गं तुझं? आम्ही चार-चार वाढवली, कधी असं झालं नाही."

नवऱ्याने पेचकस घेतला आणि कोयंडा काढायला लागला.

"काढू नको ना," ती म्हणाली. "उंचावर बसव हवं तर."

"कशाला? आपल्याच घरात कोणापासून कडी लावायची?"

बाळापासून, असं कोणती आई सासूसमोर बोलेल?

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण रोगापेक्षा इलाज भयंकर झाला. मी दारावर राहिले, पण माझा उपयोग संपला. ती आत आली की बाळ दार ढकलून मागोमाग यायचं. ती पाठ लावून दार धरायची, तर ते रडून घर डोक्यावर घ्यायचं. हळूहळू तिने आत बसणंच सोडलं. केस विंचरेना, जेवणावर वासना राहिली नाही. बाळ हसलं तरी ती नुसती बघायची. सासूबाई म्हणाल्या, "नाटकं आहेत." मला फार वाईट वाटलं, पण कडीला कुठलं तोंड?

शेवटी ती नवऱ्याला म्हणाली, "मी ताईकडे जाते काही दिवस. बाळ तुझ्याजवळ राहू दे." तो खूप चिडला. ती भांडली नाही, पिशवी भरली आणि गेली.

त्याने रजा घेतली. दोन दिवसांतच त्याचे डोळे खोल गेले. मग एका सकाळी तो आत आला आणि दार लोटलं. बाहेर बाळ थापा मारायला लागलं. सवय नसलेल्या हाताने त्याने मला सरकवलं. मी पुढे गेले, पण पुढे कोयंडा नव्हता. दार ढकललं गेलं, तसा तो पाठ लावून खाली बसला. बराच वेळ त्याने माझ्याकडे पाहिलं. मग तिला फोन लावला.

"मला कळलंच नाही गं."

फोनमधून ती म्हणाली, "बाळ रडतंय. आधी दार उघड."

त्याने दार उघडलं.

ती अजून आलेली नाही, मित्रांनो. कधी येईल, मला ठाऊक नाही. माझं ऐकाल तर एवढंच करा. तुमच्या घरी कोणी दार लावून बसलं, तर "किती वेळ?" असं ओरडू नका. धाकट्या भावंडाला उचलून घ्या आणि बाहेरून सांगा, "सावकाश ये, मी आहे." आई दार लावते म्हणजे तुम्ही तिला नकोसे झालात, असं नसतं. परत तुमच्याकडे येता यावं, म्हणूनच ती आत गेलेली असते.