हलक्या अंगाचा पट्टा

तिनं टक्कर-चाचणीच्या गाडीतल्या डमीच्या छातीवरून सीटबेल्ट ओढला, खटका बसवला आणि पट्ट्याखाली बोटं सरकवून ताण पाहिला. ही डमी ठेंगणी, हलकी. वय झालेल्या बाईच्या अंगाची. काचेपलीकडे दादा उभा होता. खुर्ची दिली होती, तरी बसला नव्हता.

आईला जाऊन अजून वर्ष व्हायचं होतं. गाडी दादाच चालवत होता. वळणावर टेम्पो आदळला. दादाला खरचटलं तेवढंच. आईलाही बेल्टनं जागेवरून हलू दिलं नाही; पण धडधाकट पुरुषाच्या मापानं बेतलेल्या त्या पट्ट्याखाली तिच्या ठिसूळ बरगड्या मोडल्या आणि एक फुप्फुसात घुसली.

"टोचतोय म्हणत होती गं," दवाखान्याच्या जिन्यात दादा म्हणाला होता. "मीच खेकसलो, लाव म्हणून."

पट्टा नसता तर आई तिथंच गेली असती, हे तिनं त्याला हजारदा सांगितलं. त्याच्या डोक्यात ते शिरेना. त्यानं पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही. ती मात्र आपल्या गाड्यांच्या कंपनीत हात धुऊन एकाच कामामागे लागली: जोर वाढला की पट्ट्यानं किंचित सैल व्हावं, आणि माणूस हलका असेल तर लवकर.

"एका आईसाठी अख्खी गाडी बदलायची का?" साहेब म्हणायचे. मग तेही म्हणेनासे झाले.

गाडीचं दार लावून ती काचेपलीकडे आली. भोंगा वाजला. गाडी चाचणीच्या रुळावरून भरधाव सुटली आणि ठोकळ्यावर आदळली. दादानं डोळे मिटले, पण आवाज कानांत शिरलाच.

ती संगणकाकडे धावली. छातीवरच्या दाबाचा आकडा जुन्या पट्ट्याच्या निम्म्याहून खाली आला होता. शेजारच्या टेक्निशियननं मूठ वळून हवेत उडवली.

दादा मागे येऊन उभा राहिला. पडद्यावरचं त्याला ओ की ठो कळत नव्हतं.

"तेव्हा हा पट्टा असता, तर आई वाचली असती?"

तिनं मान वळवली नाही.

"नाही रे. टक्करच तशी होती. कुठलाही पट्टा असता, तरी काही उपयोग झाला नसता."

टेक्निशियननं चमकून तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

दादाचे खांदे हळूहळू उतरले. भिंत चाचपत तो खुर्चीत बसला. पडद्याकडे पाहत म्हणाला,

"मग इतके महिने कशासाठी चाललंय हे तुझं?"

"नोकरी आहे, दादा," ती म्हणाली, आणि तिनं पडदा बंद केला.