अर्धी गोळी

नवव्या शाळेत जायच्या दिवशी सकाळी बायकोने चिमणीच्या दुधात अर्धी गोळी विरघळवली. मी समोरच उभा होतो आणि नको म्हणालो नाही, त्यामुळे हा प्रताप आमचा दोघांचा.

चिमणी ही आमची मुलगी. वय साडेपंधरा, उंची आईपेक्षा चार बोटं जास्त, पण लहानपणी पडलेलं नाव चिकटलं ते चिकटलंच. तिला ऑटिझम आहे आणि समज लहान मुलाएवढी, असं डॉक्टरांचा कागद सांगतो. बोलते मोजून अकरा शब्द, त्यातले निम्मे फक्त आम्हाला कळतात. ओरडते मात्र सगळ्यांना कळेल असं.

ही गुंगीची गोळी दातांच्या डॉक्टरकडे नेताना द्यायची म्हणून मिळालेली होती. दात काढून झाला, गोळ्या उरल्या.

"अर्धीच आहे," बायको म्हणाली. "अर्धा तास गप्प बसली की झालं. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आणि उद्या मूठ उघडल्यावर?"

"उद्याचं उद्या बघू. आधी आत तर घेऊ देत!"

तिला बोलायला माझी जीभ रेटेना. आठ शाळांचे उंबरे आम्ही झिजवलेत. साध्या शाळा सांगायच्या, खास शाळेत न्या. खास शाळा सांगायच्या, इथे मुलांना चाळीस मिनिटं बाकावर बसता यावं लागतं. एकीला मुलगी वयात आल्याची अडचण होती. म्हणे दर महिन्याला कोण निस्तरणार? एका शाळेने घेतली आणि दोन महिने तिला व्हरांड्यातच बसवलं, हे आम्हाला तिथल्या शिपायाकडून कळलं. आता चार महिने ती घरी आहे. बायको इस्पितळाच्या धुलाईघरात पाळ्या करते, मी लिफ्ट दुरुस्त करतो, आणि आम्ही दोघं एकमेकांना फक्त दारात भेटतो. एक आत येतो, दुसरा बाहेर पडतो. चिमणी मनगट चावत बसते. तिथे आता घट्टा पडलाय.

खरं सांगायचं तर आमच्याकडे तिच्या दोन कहाण्या तयार असतात. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी कचेरीत जायचं तर तिला काहीच येत नाही. शाळेत जायचं तर तिला सगळं येतं. दोन्ही मला तोंडपाठ आहेत आणि दोन्हींची आता सारखीच शिसारी येते.

बायको पाळीवर गेली आणि चिमणीला मी एकटाच घेऊन गेलो. शाळा म्हणजे एका बैठ्या इमारतीतल्या चार खोल्या होत्या. भिंतीवर चित्रं नाहीत, टेबलांचे कोपरे रबराने मढवलेले, न्हाणीघराचं दार चांगलं रुंद. एक मोठा मुलगा टॉवेलांच्या घड्या घालत होता. घातलेली घडी मोडून पुन्हा घालत होता, आणि कोणी त्याला टोकत नव्हतं. मोठ्या बाई पन्नाशीच्या, आखूड केसांच्या. त्यांनी माझ्या हातातली चिमणीच्या कागदांची फाइल घेतली आणि न उघडता बाजूला ठेवली.

मी शाळेची कहाणी सुरू केली. हाताने जेवते. रांगेत उभी राहते. सांगितलेलं ऐकते. चिमणी शेजारी बसली होती, मान एका बाजूला, ओठ किंचित उघडे. बाईंनी तिच्यासमोर चेंडू धरला. तिने बघितलंही नाही. तपासणीला साहेब आला की बिघडलेली लिफ्टसुद्धा शहाण्यासारखी चालते, तसं मला वाटलं. सुटलो म्हटलं.

"फार शांत आहे हो तुमची मुलगी," बाई म्हणाल्या.

"हो ना. पहिल्यापासूनच."

"मग हिला आमची गरज नाही. हिला कुठेही घेतील. इथे एकच जागा आहे, आणि ती ज्याला कुणीच बसू देत नाही त्याच्यासाठी ठेवलीय."

आठ शाळांना ती जास्त झाली होती, नववीला कमी पडली! मला हसू आलं, आणि ते हसू काही बरं नव्हतं. नमस्कार करून उठावं असं वाटलं. गोळीचं बोललो तर पोरीला औषध घालणारे आई-बाप म्हणून हाकलतील. नाही बोललो तर जागा जाईलच. चिमणीच्या ओठावरून लाळ ओघळली. मी ती रुमालाने पुसली आणि माझी मलाच लाज वाटली.

"बाई, हिला गोळी दिलीय."

"कुठली? किती?"

मी नाव सांगितलं. "अर्धी."

त्या उठल्या. चिमणीची हनुवटी उचलून डोळ्यांत बघितलं, मानेखाली उशी दिली, खिडकी उघडली. मग परत येऊन बसल्या.

"पुन्हा द्यायची नाही. आता खरं सांगा."

कचेरीत हे सगळं मी घडाघडा म्हणून दाखवायचो. इथे आधी चिमणीकडे बघितलं, कारण ती ऐकत होती. तिला किती कळतं ते मला पंधरा वर्षांत कळलेलं नाही. तरी सांगितलं. चावते. बशा फोडते. दार उघडं दिसलं की पळते. एकदा भर रस्त्यात कपडे काढले. पाळी आली की दोन दिवस भिंतीवर डोकं आपटते. आईचा पुढचा दात तिनेच पाडलाय. बाई लिहून घेत होत्या, मध्येच थांबून विचारत होत्या: कधी? त्याआधी काय झालं होतं? 'त्याआधी काय झालं' हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं.

"सोमवारी आणा," शेवटी त्या म्हणाल्या. "दहा वाजता. तशीच."

"आणि बाकावर नाही बसली तर?"

"बाक आहेत कुठे इथे?"

सोमवारी चिमणी शाळेच्या दारातच आडवी झाली. मी बगलेत हात घालून उचलायला गेलो, तर बाई म्हणाल्या, "राहू दे, तुम्ही जा." जा म्हणणं सोपं असतं. मी फाटकाबाहेर पडलो, कोपऱ्यापर्यंत पोचलो आणि तिची किंकाळी आली. पाय आपोआप मागे वळले. शाळेचा निरोप यायच्या आत आपणच जाऊन तिला उचललं की बोलणी जरा कमी खावी लागतात, एवढं आम्ही अनुभवाने शिकलोय. माफी तोंडात तयारच होती.

दारात बाई भेटल्या. हाताला ओला रुमाल गुंडाळलेला.

"काही विसरलात का?"

"नाही. ती ओरडतेय."

"हो, ऐकू येतंय मला."

"चावली का तुम्हाला? नेतो मी तिला."

"कशाला?" त्यांना खरोखरच कळलं नव्हतं. "शाळा तीनला सुटते. तीन वाजता या."

आणि दार लावून त्या आत गेल्या. सव्वादहा वाजले होते. चिमणी अजून ओरडत होती. मी पायरीवर बसून बायकोला धुलाईघरात फोन लावला.

"निघालात का तिला घेऊन?" फोन उचलताच तिने विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "शाळा तीनला सुटते म्हणतात."